टीएचक्यू बुडाली, लिलावात तिचे तुकडे झाले, पण टिकले कुणाकडचे?

साल २००३-०४. मित्राच्या घरी किंवा तासाचे पैसे मोजून प्लेस्टेशन २ वर डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्त्या खेळलेल्या पोरांना एक लोगो हमखास आठवेल. अंडरटेकर आणि ब्रॉक लेस्नर स्क्रीनवर यायच्या आधी तीन अक्षरं यायची. टीएचक्यू.

ही कंपनी २०१३ साली मोडीत निघाली. तिचे स्टुडिओ आणि गेम्स एकाच दिवशी लिलावात निघाले, आणि वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांनी ते वाटून घेतले.

आज एखादी गेम कंपनी गोत्यात आली, की सोशल मीडियावर लगेच चर्चा सुरू होते की हिला कुणी विकत घ्यावं? मायक्रोसॉफ्टने, सोनीने, की टेन्सेंटने? टीएचक्यूच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर शोधायला जास्त डोकं लावावं लागत नाही. एकाच घरातला माल सहा-सात जणांनी नेला आणि पुढच्या दहा वर्षांत कुणाकडे काय झालं, ते सगळ्यांसमोर आहे.

आधी, पब्लिशर म्हणजे काय?

गेम बनवतो तो डेव्हलपर स्टुडिओ. त्यासाठी पैसा लावतो, जाहिरात करतो आणि गेम बाजारात पोचवतो तो पब्लिशर. सिनेमाच्या भाषेत सांगायचं तर निर्माता आणि वितरक एकाच खुर्चीत. एक मोठा गेम बनायला तीन-चार वर्षं लागतात आणि तोवर पगार पब्लिशरच्या खिशातून जातात. त्यामुळे एक-दोन डाव फसले की पब्लिशर आडवा होतो.

टीएचक्यूचं नेमकं काय फसलं?

टीएचक्यू म्हणजे 'टॉय हेडक्वार्टर्स'. नावाप्रमाणे सुरुवात खेळण्यांतून झाली. पुढे डब्ल्यूडब्ल्यूई, निकलोडियन आणि पिक्सार यांच्या परवान्यावर गेम काढून कंपनी मोठी झाली.

मग आला यूड्रॉ, म्हणजे टीव्हीला जोडून चित्रं काढायची पाटी. २०१० मध्ये निन्टेन्डो वी या कन्सोलवर ती चांगली विकली गेली. त्या जोरावर २०११ मध्ये कंपनीने तीच पाटी प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० साठी काढली. पण या कन्सोलवर मारधाड खेळणाऱ्या पोरांना चित्रकलेची पाटी कशाला हवी? सुमारे १४ लाख नग गोदामात पडून राहिले. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात कंपनीचा तोटा जवळपास २४ कोटी डॉलर झाला.

१९ डिसेंबर २०१२ ला टीएचक्यूने अमेरिकेच्या डेलावेअरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

अख्खी विकायची की तुकड्यांत?

अर्ज करतानाच कंपनीकडे एक गिऱ्हाईक होतं, क्लिअरलेक कॅपिटल ही गुंतवणूक संस्था. ती सुमारे ६ कोटी डॉलरमध्ये अख्खी कंपनी घ्यायला तयार होती. अशा पहिल्या ठरलेल्या बोलीला तिथे 'स्टॉकिंग हॉर्स' म्हणतात. इतरांनी त्यापुढे बोली लावायची. यात फायदा असा होता की कंपनी एकत्र राहिली असती आणि स्टुडिओंचं काम चालू राहिलं असतं.

पण ज्यांचे पैसे अडकले होते ते देणेकरी अडून बसले. त्यांचं म्हणणं, विक्रीची एवढी घाई का, आणि एकेक गेम वेगळा घ्यायचा असेल त्याला संधी का नाही? न्यायाधीश मेरी वॉलरथ यांनी मुदत वाढवून दिली आणि सुट्या बोलीही चालतील असं ठरलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची. दिवाळखोरीच्या कोर्टाला 'या गेमचं भलं कुणाकडे होईल?' हा प्रश्न पडत नाही. देणेकऱ्यांच्या हातात जास्त पैसे कसे पडतील, हे ते बघतं. २२ जानेवारी २०१३ ला लिलाव झाला. तुकड्यांची बेरीज आली सुमारे ७ कोटी २० लाख डॉलर. क्लिअरलेक बाहेर पडली आणि टीएचक्यूचे तुकडे झाले.

कुणी काय नेलं?

• सेगा : रेलिक स्टुडिओ, २ कोटी ६६ लाख डॉलर
• कोख मीडिया : व्होलिशन स्टुडिओ आणि 'सेंट्स रो', २ कोटी २३ लाख. शिवाय 'मेट्रो', जवळपास ५९ लाख
• टेक-टू : 'इव्हॉल्व्ह', जवळपास १ कोटी ९ लाख
• युबिसॉफ्ट : 'साऊथ पार्क'चा गेम, ३२ लाख ६५ हजार, आणि मॉन्ट्रियलचा स्टुडिओ, २५ लाख
• क्रायटेक : 'होमफ्रंट', ५ लाख ४४ हजार
• व्हिजिल स्टुडिओ : बोलीच नाही

डब्ल्यूडब्ल्यूईचा परवानाही पुढे टेक-टूकडे गेला. आजचे '२के' नावाचे कुस्तीचे गेम तिथूनच आले.

पुढे काय झालं?

सेगाचा सौदा सरळ होता. रेलिक युद्धनीतीचे गेम बनवायची आणि त्याच प्रकारातला 'टोटल वॉर'वाला स्टुडिओ सेगाकडे आधीपासून होता. म्हणजे काय घेतोय हे घेणाऱ्याला कळत होतं. रेलिक ११ वर्षं तिथे राहिली आणि २०२४ मध्ये स्वतंत्र झाली.

टेक-टूकडे पैसा भरपूर होता. 'इव्हॉल्व्ह'साठी तो गेम बनवणाऱ्या टर्टल रॉकनेही अडीच लाखांची बोली लावली होती. कोटीच्या बोलीपुढे ती कुठे टिकणार? २०१५ मध्ये गेम आला, गाजावाजा झाला, पण खेळणारे टिकले नाहीत आणि २०१८ मध्ये त्याचे मुख्य सर्व्हर बंद झाले.

मॉन्ट्रियलची गोष्ट तर सिनेमासारखी आहे. 'असॅसिन्स क्रीड' घडवणारे पॅट्रिस डेसिले २०१० मध्ये युबिसॉफ्ट सोडून टीएचक्यूच्या या स्टुडिओत आले होते. लिलावात तोच स्टुडिओ युबिसॉफ्टने घेतला, म्हणजे जुना मालक परत डोक्यावर. काही महिन्यांतच डेसिलेंना काढण्यात आलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१६ मध्ये तडजोड होऊन त्यांना त्यांच्या गेमचे हक्क परत मिळाले. पण गेम मात्र रखडलाच.

क्रायटेकने 'होमफ्रंट' स्वस्तात घेतला, पण पुढचा भाग पूर्ण करायला पैसा पुरला नाही. २०१४ मध्ये तो कोख मीडियाला विकावा लागला.

ज्याला कुणी विचारलं नाही त्याचं काय?

'डार्कसायडर्स' बनवणाऱ्या ऑस्टिनच्या व्हिजिलवर कुणीच पैसे लावले नाहीत. स्टुडिओ बंद झाला. एप्रिल २०१३ मध्ये उरलंसुरलं विकायला काढलं, तेव्हा नॉर्डिक गेम्स नावाच्या छोट्या कंपनीने 'डार्कसायडर्स', 'रेड फॅक्शन' आणि बरीच जुनी नावं मिळून ४९ लाख डॉलरला उचलली. तिचे मालक लार्स विंगेफोर्स हे स्वीडनचे. शाळकरी वयात जुनी कॉमिक्स विकून त्यांनी धंदा सुरू केला होता. लोकांनी टाकलेल्या मालातून पैसा कसा काढायचा, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

नॉर्डिकने घाई केली नाही. आधी जुने गेम नव्या कन्सोलवर आणले. तोवर व्हिजिलच्या जुन्या लोकांनी गनफायर नावाचा स्टुडिओ काढला होता. 'डार्कसायडर्स ३' चं काम नॉर्डिकने त्यांनाच दिलं आणि २०१८ मध्ये गेम आला. दरम्यान कंपनीने टीएचक्यू हे नावही विकत घेतलं आणि स्वतःचं नाव टीएचक्यू नॉर्डिक ठेवलं. २०१८ मध्ये तिने कोख मीडियाच घेतली आणि 'मेट्रो', 'सेंट्स रो', 'होमफ्रंट' पुन्हा एका छताखाली आले.

मग नॉर्डिक हाच आदर्श मालक?

नाही. खरी मेख इथेच आहे.

हीच कंपनी पुढे एम्ब्रेसर ग्रुप झाली आणि दिसेल तो स्टुडिओ घेत सुटली. मे २०२३ मध्ये जवळपास ठरलेला २०० कोटी डॉलरचा करार ऐनवेळी फिसकटला. शेअर कोसळला आणि कपात सुरू झाली. त्यात सुमारे १४०० लोकांच्या नोकऱ्या गेल्या. २०२२ चा 'सेंट्स रो' आधीच आपटला होता. टीएचक्यूच्या दिवाळखोरीतून वाचलेला, ३० वर्षांचा व्होलिशन ऑगस्ट २०२३ मध्ये बंद झाला.

जोवर ही कंपनी झेपेल तेवढंच घेत होती आणि थांबायला तयार होती, तोवर ती चांगली मालक होती. भूक वाढली तशी तीच सगळ्यात धोकादायक मालक झाली.

म्हणजे विकत घ्यावं तरी कुणी?

मोठा खिसा ही एकटी पात्रता पुरत नाही, हे 'इव्हॉल्व्ह'ने दाखवलं. नुसती स्वस्त खरेदीही पुरत नाही, हे क्रायटेकने दाखवलं. बघायचं ते असं : घेणाऱ्याला त्या प्रकारचे गेम कळतात का? पहिला गेम आपटला तर दुसऱ्यासाठी पगार द्यायची ताकद आहे का? नाव विकत घेताना ते घडवणारी माणसं ठेवणार आहे का? आणि ही खरेदी स्वतःच्या पैशातून आहे, की उद्या येणाऱ्या पैशाच्या भरवशावर?

हे प्रश्न आपल्यापासून लांबचे नाहीत. २०१३ च्या लिलावात बोली लावणारी युबिसॉफ्ट आज स्वतः अडचणीत आहे. मार्च २०२५ मध्ये तिने आपले सगळ्यात मोठे गेम एका वेगळ्या कंपनीत टाकून तिचा सुमारे २५ टक्के हिस्सा ११६ कोटी युरोंना टेन्सेंटला द्यायचं जाहीर केलं. याच युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आहे आणि २०१८ पासून मुंबईतही आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी 'अमुक कंपनी विकली जाणार' अशी बातमी फिरायला लागली, की आकड्याच्या आधी एक गोष्ट शोधा : नावं कोण नेतंय आणि माणसं कोण ठेवतंय. 'डार्कसायडर्स' चा तिसरा भाग आला, तो ती माणसं पुन्हा एकत्र आली म्हणून.