ग्रंथीची कॅप्सूल: शंभर वर्षांपूर्वीच फसलेला इलाज

परवा मनीषनगरातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी एक डबी दाखवली. जनावराच्या ॲड्रेनल ग्रंथीची पावडर, ऑनलाइन मागवलेली. काकूंना ॲडिसनचा आजार आहे. म्हणाल्या, "रोजची स्टेरॉइडची गोळी बंद करून हे नैसर्गिक घेऊ का रे?"

मी डॉक्टर नाही, इतिहासाचा नाद आहे. त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो.

किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या या दोन ग्रंथी. त्या निकामी झाल्या की माणूस थकतो, काळवंडतो, खंगतो, हे १८५५ मध्ये लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी मांडलं. त्यांच्या बऱ्याच रुग्णांत मूळ क्षयरोगाचं होतं. आपल्या देशात आजही ते मोठं कारण आहे.

१८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क देऊन एका बाईला उभं केलं. मग वाटलं, इथेही तेच चालेल. १८९६ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी डुकराच्या ॲड्रेनलचा अर्क दिला. एखाद्याला बरं वाटे, पण पुढे कित्येक वर्षं हे रुग्ण दगावतच राहिले.

असं काहून? थायरॉइड आपलं संप्रेरक साठवून ठेवते. ॲड्रेनल मात्र कॉर्टिसॉल साठवत नाही, लागेल तेव्हा बनवते. एक भरलेली कोठी, दुसरी रोजची चूल. विझलेली चूल घरी आणून भाकरी मिळत नाही!

१९३० च्या सुमारास अमेरिकेत स्विंगल आणि फिफनर यांनी गुरांच्या ग्रंथींतून गुणकारी अर्क काढला, पण त्याला ढीगभर ग्रंथी लागत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस कॉर्टिझोन कारखान्यात बनू लागलं, तेव्हा कुठे ही माणसं जगू लागली. १९५० चं नोबेल त्याच कामाला मिळालं: केंडॉल, राइखश्टाइन आणि हेंच.

आणि आजच्या डब्या? अमेरिकेत अशी १२ सप्लिमेंट तपासली, निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. सगळ्यांत थायरॉइडचं संप्रेरक निघालं, बहुतेकांत एखादं स्टेरॉइडही. म्हणजे 'नैसर्गिक' म्हणून आपण नेमकं काय गिळतो, तेच कळत नाही.

काकूंनी डबी बाजूला ठेवली, गोळी चालू आहे. तुमच्या घरी कोणी बरेच दिवस स्टेरॉइडवर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते एकदम बंद करू नका. बीपी कोसळून जीव जाऊ शकतो. ज्या गोळीला आपण नावं ठेवतो, तिच्यासाठी लोकांनी जवळपास शंभर वर्षं वाट पाहिली आहे.