जारमधल्या फायलींची कुळकथा

स्थिर फाइल म्हणजे सर्व्हरने स्वतः काही न रांधता, आहे तशी वाढायची फाइल: एचटीएमएल पान, चित्र, सीएसएस. सुरुवातीच्या वेब सर्व्हरचे मुख्य काम हेच होते. पत्त्यातला मार्ग घ्यायचा, डिस्कवरची फाइल शोधायची आणि पाठवायची.

जावाने या घरात उलथापालथ केली. 1995 मध्ये सिडनीत ग्रेग विल्किन्स यांनी तक्रारींची नोंद ठेवणाऱ्या एका प्रोग्रामसाठी सर्व्हर लिहिला. तोच पुढे ‘जेट्टी’ झाला. या सर्व्हरला प्रोग्रामच्या पोटातच ठेवता येई. प्रोग्राम सुरू झाला की सर्व्हरही सुरू.

पण प्रोग्राम जार, म्हणजे जावाचे एकसंध गाठोडे, होऊन फिरू लागला तशी फायलींची पंचाईत झाली. जार ही मुळात झिप. तिच्यातले चित्र डिस्कवर सुटे नसते, त्यामुळे ते ‘फाइल’ म्हणून उघडता येत नाही; क्लासपाथवरून प्रवाह म्हणून वाचावे लागते. आयडीईत नीट चालणारे पान जार बांधल्यावर 404 देते, ते बहुधा यामुळेच. वेगाचीही किंमत पडते. 2002 च्या जावा 1.4 मधल्या ‘ट्रान्सफरटू’मुळे डिस्कवरची फाइल प्रोग्रामच्या स्मृतीत न उतरवता थेट सॉकेटकडे धाडता येते, जारमधली दाबलेली फाइल मात्र आधी उलगडावी लागते.

डिसेंबर 2009 मधल्या सर्व्हलेट 3.0 या जावाच्या वेब-मानकाने जारमधल्या ‘मेटा-इन्फ/रिसोर्सेस’ या फोल्डरला स्थिर फायलींचे घर म्हणून अधिकृत मान दिला. 2014 मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट 1.0 या जावा चौकटीने त्याच्या जोडीला ‘स्टॅटिक’ आणि ‘पब्लिक’ ही नावे घरोघर नेली.

खुद्द जेडीकेची, म्हणजे जावाच्या मूळ विकास-संचाची, चाल आश्चर्य वाटावे इतकी संथ. 2006 च्या जावा 6 मध्ये छोटा एचटीटीपी सर्व्हर आला, पण फाइल वाढणारा हँडलर ज्याने त्याने लिहायचा. प्रकार ओळखणे, बदलली नसेल तर 304 देणे, आणि ‘../’ लावून फोल्डरबाहेर डोकावणाऱ्याला अडवणे, सगळे हाताने. शेवटचे विसरले की सर्व्हरवरच्या खासगी फायलीही उघड्या. मार्च 2022 च्या जेडीके 18 ने ‘जेवेबसर्व्हर’ ही आज्ञा आणि तयार हँडलर दिला. ही आज्ञा फक्त गेट आणि हेड मानते, आणि वेगळे न सांगितल्यास 8000 पोर्टवर बसते व त्याच यंत्रापुरती ऐकते. तिच्यामागचा हँडलर ‘फाइल’ऐवजी ‘पाथ’ मागतो. त्यामुळे झिपची फाइल-व्यवस्था जोडली की जारच्या आतला फोल्डरही त्याला साध्या फोल्डरसारखाच दिसतो.