रणगाडे, प्रदर्शनातील : ओळख

सेवेतून काढलेल्या किंवा युद्धात हस्तगत होऊन स्मारक म्हणून मांडलेल्या रणगाड्याचा प्रकार बाह्य रचनेवरून ठरविण्याची पद्धती (पहा : रणगाडा). भारतातील असे अनेक नमुने १९६५ व १९७१ च्या युद्धांशी निगडित आहेत (पहा : भारत-पाकिस्तान संघर्ष).

रंग व अंगावरील क्रमांक वारंवार नव्याने रंगविले जात असल्याने ते सर्वांत कमी भरवशाचे. चाकांची मांडणी सहसा बदलत नाही. शर्मनची चाके प्रत्येक बाजूस तीन संचांत असतात. टी-५५ च्या पाच चाकांपैकी पहिल्या दोहोंत ठळक अंतर असते आणि नळीवरील धूर काढणारा फुगवटा टोकाशी असतो. टी-६२ मध्ये चाकांमधील मोठे अंतर मागे, तर फुगवटा टोकापासून बराच आत असतो. पॅटन एम-४७ व एम-४८ या दोहोंना सहा चाके असल्याने गफलत होते. मात्र एम-४७ चा पुढील भाग कोनदार, तर एम-४८ चा होडीसारखा गोलाकार असतो.

अचूक ओळखीमुळे फलकावरील चुका दुरुस्त होतात व रणगाड्याचा युद्धेतिहास निश्चित करता येतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ मध्ये सुरू झालेल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये विविध देशांचे रणगाडे एकाच आवारात पाहता येतात.