दाभोळची मशीद आणि आपलं नाव

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटांतल्या चौदा जणी दाभोळ बघायला गेलो होतो. धोपाव्याहून फेरीबोटीत बसलो आणि वाशिष्ठीची खाडी ओलांडली. समोर माड, कौलारू घरं आणि त्यांच्यात एक मोठा दगडी घुमट दिसला. आमच्यातली एक म्हणाली, "एवढ्याशा गावात एवढी मोठी मशीद कोणी बांधली?" आजचं बोलणं त्याच प्रश्नावर आहे.

दाभोळ आज लहान दिसतं, पण पाचशे वर्षांपूर्वी ते कोकणातलं मोठं बंदर होतं. खाडीच्या तोंडाशी गलबतांना आसरा मिळायचा. घाटावरचा माल इथून समुद्रापार जायचा आणि अरबस्तानातले घोडे इथे उतरायचे. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १४७० च्या सुमारास हिंदुस्थानात फिरला, त्याने आपल्या टिपणांत दाभोळचं नाव लिहून ठेवलं आहे. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे शहर जाळलं. तरी ते पुन्हा उभं राहिलं. आधी बहामनी, मग विजापूरची आदिलशाही आणि १६६० च्या सुमारास शिवाजी महाराज, असे धनी बदलत गेले. पुढे सुरत आणि मुंबईचा व्यापार वाढला, तसं दाभोळ मागे पडलं.

आता ती मशीद. ती आहे धक्क्याजवळच. कोणी तिला शाही मशीद म्हणतं, कोणी अंडा मशीद. बांधणी विजापुरी धाटणीची, वर घुमट, कोपऱ्यांना मिनार. गावात सांगतात ते असं: विजापूरची शहजादी आयेशाबीबी मक्केला जायला निघाली आणि दाभोळला येऊन पोचली. समुद्रात चाच्यांचं भय, म्हणून पुढे जाता येईना. यात्रेसाठी आणलेला पैसा परत न्यायचा नाही, तो धर्मकार्यालाच लावायचा, असं तिने ठरवलं आणि ही मशीद बांधवली. हे साधारण १६५९-६० मधलं, असं मानतात.

तिथून आम्ही चंडिकादेवीला गेलो. देऊळ म्हणजे कातळातली गुहाच. आत समईचा उजेड. वाकून, एकमेकींचा हात धरून गेलो. आमच्यातल्या दोघी मुसलमान घरच्या, त्या बाहेर कट्ट्यावर आमच्या चपला सांभाळत बसल्या. मशिदीशी आम्ही त्यांच्यामागून चाललो होतो, इथे त्या आमच्यासाठी थांबल्या.

परतताना बोटीत त्यांच्यातलीच एक म्हणाली, "पैसा तिचा, बेत तिचा, म्हणून तर लोक अजून तिचं नाव घेतात. माझ्या घराला मी गटाचं कर्ज काढून स्लॅब घातला. घरपट्टीच्या उताऱ्यावर माझं नाव कुठे आहे?" बोटीत कोणी काही बोललं नाही. कारण चौदा जणींत असं नाव असलेल्या तिघीच निघाल्या.

मैत्रिणींनो, शहजादीकडे खजिना होता, आपल्याकडे महिन्याची बचत आहे. घर उभं करायला दोन्हीही लागू पडतात. पण तिची आठवण लोकांनी तोंडी जपली, आपली कोण जपेल याचा भरवसा नाही. म्हणून या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने ग्रामपंचायतीतून घराचा उतारा काढून आणा आणि जमीन असेल तर सातबाराही आणा. एकत्र वाचू. जिथे आपलं नाव नाही, तिथे ते लावायचा अर्ज त्याच दिवशी लिहू. आणि दाभोळला जरूर जा. बोटीतून तो घुमट दिसला की सोबतच्या मुलींना सांगा, हा एका बाईच्या पैशातून उभा राहिला म्हणतात.