दिवाळीच्या तोंडावरचा पैसा : बोनस, हप्ता आणि उचल

दिवाळी महिन्याच्या अखेरीस आली की पगारदारांची एक मागणी ठरलेली असते : पगार सणाआधी करा. १९३६च्या वेतन प्रदान कायद्याने कामगारांचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत, आणि आस्थापनेत हजार किंवा अधिक माणसे असतील तर दहा तारखेपर्यंत, करायची मुभा मालकाला दिली होती. पंचांग या तारखा जुमानत नाही. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते, तेव्हा राज्य सरकारने कर्मचाऱ्यांचा ऑक्टोबरचा पगार दिवाळीपूर्वीच द्यायचे ठरवले. फिलिपाइन्समध्ये तर १९७५पासून तेरावा पगार २४ डिसेंबरच्या आत देणे सक्तीचे आहे. विलायतेत ख्रिसमसच्या आधी पगार करणारे मालक पुष्कळ. मात्र मग पुढचा जानेवारी पाच-सहा आठवड्यांचा होतो, अशी तिथल्या नोकरदारांची तक्रार असते.

बीड जिल्ह्यात अशी मागणी करावी लागत नाही. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज या भागांतल्या हजारो घरांत दिवाळीच्या आधीच पैसा येतो. त्याला उचल म्हणतात. सणाआधी पैसा द्यावा का, या प्रश्नाचे उत्तर मी उचलीच्या इतिहासात शोधतो आहे. पण त्यासाठी आधी मुंबईला जायला हवे, कारण दिवाळीच्या पैशाबद्दलची आपली समजूत गिरणगावात घडली.

मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचा पगार पुढचा महिना निम्मा होत आला की हातात पडे. तोवर घर वाण्याच्या उधारीवर आणि सावकारावर चाले. मजूरविषयक शाही आयोगाने १९३१च्या अहवालात या दिरंगाईवर बोट ठेवले आणि त्यातूनच पुढे १९३६चा कायदा आला. बोनसचा जन्म मात्र पहिल्या महायुद्धातला. महागाई भडकली तेव्हा गिरणीमालकांनी १९१७ साली वेतनावर दहा टक्के वाढ ‘युद्ध बोनस’ म्हणून दिली. पुढे नफा उदंड झाला आणि एका महिन्याच्या पगाराइतका वार्षिक बोनस काही वर्षे मिळत राहिला. (वर्षाचे आठवडे बावन्न म्हणून इंग्रजांनी तेरावा पगार बुडवला आणि बोनस ही त्याची भरपाई, अशी गोष्ट दर दिवाळीत मोबाइलवर फिरते. ती रंजक आहे, इतकेच.) १९२३चा बोनस मालकांनी नाकारला आणि १९२४च्या जानेवारीपासून मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. सरकारने मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांची समिती नेमली. रूढी, कायदा किंवा न्यायबुद्धी, कशाच्याही आधारे कामगारांचा बोनसवर हक्क पोचत नाही, असा तिने निर्वाळा दिला. संप फसला. पण मागणी जिवंत राहिली आणि १९६५ साली बोनसचा कायदा झाला. आजची किमान टक्केवारी ८.३३ आहे, म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा. आणि तो हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो. मार्चअखेर धरली तर मुदत नोव्हेंबरअखेर संपते. दिवाळी बहुधा त्याच्या आत येते.

या सगळ्या भांडणात एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य होती : बोनस हा केलेल्या कामाचा पैसा आहे. तो द्यायचा की नाही, किती द्यायचा, एवढाच वाद.

आता साखर कारखान्याच्या गेटावर येऊ. दिवाळीच्या तोंडावर इथून तीन वाटांनी पैसा बाहेर पडतो. कायम कामगारांना बोनस मिळतो. सभासद शेतकऱ्यांना, कारखाना बरा चालला असेल तर, मागल्या हंगामातल्या उसाचा राहिलेला हप्ता आणि सवलतीची साखर मिळते. आणि वाहतूकदार-मुकादमांच्या हातून बीडच्या माणसाला उचल मिळते. पहिले दोन पैसे झालेल्या व्यवहाराचे. तिसरा मात्र न तोडलेल्या उसाचा. लाडू तिन्ही घरी वळले जातात, पण तिसऱ्या घरी ते कर्जाचे असतात. माझ्या मते सगळा फरक इथे आहे, आणि सणाआधी पैसा मिळाला एवढ्यावर खूश होणाऱ्यांच्या तो ध्यानात येत नाही.

मराठवाड्याला आगाऊ पैसा नवा नव्हता. पाडव्याला साल ठरवून काही रक्कम आधी घेणारा सालगडी इथल्या प्रत्येक गावात होता. बालाघाटाच्या माथ्यावरची हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस, त्यात १९७२चा दुष्काळ. आणि तिकडे प्रवरेच्या कारखान्यापासून, म्हणजे १९५०पासून, वाढत गेलेली सहकारी साखर. या दोहोंना मुकादमाने जोडले. हिशेबाचे एकक झाले ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायकोच्या नावाने वेगळा पैसा नाही, उचल नवऱ्याच्या हाती.

हल्ली कोयत्यामागे उचल लाखाच्या घरात जाते. जानेवारी २०२४च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. जोडीने दिवसाला दोन टन तोडले, असे धरू. दिवसाचे ७३२ रुपये होतात. लाखाची उचल फिटायला १३७ दिवस लागतील, तेही एक खाडा न करता. ऊस कमी असला की इतके दिवस हंगामच चालत नाही. पट्टा लवकर पडतो आणि बाकी अंगावर राहते. ती पुढच्या दिवाळीच्या उचलीत मिसळते. खाडा झाला तर मजुरी बुडतेच, वर दंड मुकादमाच्या वहीत चढतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. त्याची कारणे अनेक आहेत, पण पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही हे त्यांतले एक, असे बायका स्वतः सांगत आल्या आहेत.

उचलीची बाजूही ऐकली पाहिजे. बिनतारण एवढी रक्कम एकदम देणारा दुसरा कुणी या माणसाच्या दारात उभा नाही. मुलीचे लग्न, दवाखाना, पत्र्याचे घर, सगळे त्यातून होते. उचल उद्या बंद केली तर तो सावकाराकडे जाईल. मुकादमाचीही अडचण असते; उचल घेऊन टोळी फुटली की वाहतूकदार त्याला धरतो. मला हे सगळे मान्य आहे. पण गिरणी कामगार जेव्हा संपावर गेला तेव्हा त्याचे मालकाकडे येणे होते. ऊसतोड कामगार संपावर जातो तेव्हा त्याच्याकडेच देणे असते आणि काम नाकारले की फसवणुकीची फिर्याद होऊ शकते. तरीही बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्या काळात कोयते बंद राहिले, दर वाढले. ही लहान गोष्ट नव्हे.

कायद्याला हा फरक कळत नाही असे नाही. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार शेतकऱ्याला उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६चा आहे. सक्तीचे काम दिसले की त्यामागे आगाऊ रक्कम आहे असे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात म्हटले. तोडणीची मजुरी मात्र मुकादमाच्या वहीतून सुटलेली नाही. ती दर पंधरवड्याला कारखान्याने थेट खात्यात भरावी, नवऱ्याची आणि बायकोची वेगवेगळी; आणि सणासाठी लागणारी उसनवारी बँकेकडून अल्प व्याजाने वेगळी मिळावी. मजुरी आणि कर्ज एकाच वहीत राहिले, तर दिवाळीआधी पैसा देण्यात उपकार कसला?

३६६ रुपयांचा करार झाला तो हंगाम १ नोव्हेंबर २०२३ला सुरू झाला होता. त्याआधी दसऱ्याच्या सुमारास उचली वाटून झाल्या होत्या आणि तेव्हा टनाचा दर २७३ रुपये होता. माणसांनी आपले पाच महिने आधी विकले. त्यांचा भाव काय, हे त्यांना कोप्या उभारून दोन महिने झाल्यावर, फडात कळले.