डॉक्टरांना त्रास कसा सांगावा? ऐकून घेण्याने निदान कसं होतं?

'डॉक्टर, गॅस झालाय,' असं म्हणत पन्नाशीचे गृहस्थ येतात. गॅसची गोळी लिहून द्यायला अर्धा मिनिट पुरतो. पण 'नक्की काय होतं, कधी होतं?' असं विचारून डॉक्टर गप्प राहिले, तर पुढची माहिती मिळते : जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं. श्रमाने वाढणारा आणि विश्रांतीने थांबणारा हा त्रास हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा असू शकतो. अशा वेळी आरामात काढलेला ईसीजी नॉर्मल आला तरी निर्धास्त राहता येत नाही. म्हणून ऐकलेल्या हकीकतीला एवढं महत्त्व आहे.

यालाच आम्ही 'हिस्ट्री घेणं' म्हणतो. ब्रिटनमध्ये १९७५ साली ओपीडीतल्या ८० नव्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांपैकी ६६ जणांचं अंतिम निदान फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णाचं बोलणं यांवरूनच, तपासणीच्या आधी, बांधता आलं होतं.

डॉक्टर मध्येच का तोडतात?

बाहेर रांग असते, हे खरंच आहे. शिवाय 'बोलू दिलं तर थांबणारच नाहीत' अशी धास्ती असते. अमेरिकेतल्या १९८४च्या एका अभ्यासात रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत थांबवलं गेलं होतं. उलट स्वित्झर्लंडमध्ये रुग्णांना न अडवता बोलू दिलं, तेव्हा सरासरी दीड मिनिटात त्यांचं सांगून झालं. आपल्याकडे एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादाचं रीतसर शिक्षण २०१९पासून आलं; आमच्या पिढीने ते सरांचं बघून उचललं, आणि सगळेच सर बघण्यासारखे नव्हते!

तुमचे शब्द तसेच सांगा

'अ‍ॅसिडिटी', 'मणक्यात गॅप' ही निदानं झाली. आम्हाला हवी असते तुमची भाषा. ठणका, कळ, चमक, जळजळ, मुंग्या या प्रत्येक शब्दाने आमचा विचार वेगळ्या दिशेला जातो. दात ठणकतो तेव्हा आम्ही पू शोधतो. तळपायाला मुंग्या म्हटलं की साखर आणि बी-१२ आठवतं.

मुख्य त्रास आधी सांगा. पुष्कळदा तो दाराशी पोचल्यावर, 'जाता जाता एक विचारायचं होतं' म्हणून बाहेर येतो. अंगावरून जाणं, लघवीवर ताबा नसणं, मनाची उदासी या गोष्टी बहुधा अशाच येतात. सोबतच्यांसमोर बोलणं जड जात असेल, तर 'मला एकट्याने बोलायचंय' असं सरळ सांगा.

गोळ्या बंद केल्या असतील तर तेही सांगा. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. एसटीने रोज दोन तास प्रवास करणारा माणूस ती गोळी गुपचूप सोडतो. डॉक्टर रागावतील म्हणून 'घेतो ना' म्हणतो. बीपी तसंच दिसतं, डोस वाढतो, आणि मग एखाद्या दिवशी सगळ्या गोळ्या नीट घेतल्या की चक्कर येऊन पडतो. कारण कळलं असतं तर गोळीची वेळ किंवा गोळीच बदलता आली असती. रागावणाऱ्या डॉक्टरला हे कारण सहसा कळत नाही.

छातीत दाब, दरदरून घाम, दम लागणं, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर मात्र हकीकत जुळवत बसू नका; १०८ला फोन करा.