साहसी कोण?

आम्हाला इंजिनिअरिंगला पटवून देणाऱ्या निबंधाचा एक साचा शिकवला होता. आधी भूमिका, मग तीन मुद्दे, विरोधी मतासाठी एक परिच्छेद आणि शेवटी निष्कर्ष. ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' वाचताना तो साचा सारखा आठवत होता, कारण बाईंनी विरोधी मताला एक परिच्छेद दिलेला नाही, जवळजवळ अख्खा निबंधच दिलाय.

निमित्त होतं १८८१ सालचा सुरतेचा खटला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली आणि काळं पाणी आलं. त्यावरून 'पुणे वैभव'सारख्या पत्रांनी एकूण बायकांच्याच नीतीवर तोंडसुख घेतलं. बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाईंनी त्याला उत्तर लिहिलं. ते १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. शीर्षकातच प्रश्न आहे: स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण? (इथे साहस म्हणजे शौर्य नव्हे. अविचारी, पापी कृत्य.)

बायका कपटी, साहसी, अविचारी अशी दोषांची यादी तयारच होती. ताराबाई ती नाकारत बसत नाहीत. एकेक दोष उचलायचा आणि विचारायचं, हा पुरुषांत नाही का? असला तर किती? माझ्या धंद्याच्या भाषेत, दोन्ही बाजूंना तोच इनपुट देऊन आउटपुट ताडून पाहायचा. बायका निर्दोष आहेत हे सिद्ध करण्याचं ओझं त्या डोक्यावर घेतच नाहीत, आणि मला वाटतं निबंधाची खरी ताकद तिथे आहे. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. बायकोसाठी तेवढी वाट कुणी पुरुष चालला का? नवरा गेला की बाईने तोंड लपवून जगायचं, तर बायको मेल्यावर पुरुषाने मिश्या काढून रानात का जाऊ नये? असल्या प्रश्नांवर 'शास्त्रात तसं आहे' एवढंच म्हणता येतं, आणि शास्त्रं कुणी लिहिली, हेही त्या विचारतातच.

रागाच्या भरात सगळे पुरुष एकाच दावणीला बांधले जातात, हे खरं. पण फाशीचा दोर एकीच्याच गळ्याशी आला होता आणि तिला तिथवर आणणारा पुरुष कोर्टात कुठेच नव्हता. अशा वेळी आवाज मवाळ ठेवायचा सल्ला मी तरी देणार नाही.

पुस्तकावर टीका झाली. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतरचं त्यांचं एकही पुस्तक आपल्या हाती नाही. हा निबंधही विस्मरणात गेला तो १९७५ पर्यंत, तेव्हा स. गं. मालशे यांनी तो पुन्हा छापला.